डॉ. पॉल ब्रोका व मनुष्याचे नाक

मृगाची पहिली सर वडवणीच्या तापलेल्या रानावर पडावयाची असली म्हणजे पुष्कळदा तिची वर्दी डोळ्यांच्या आधी नाकास मिळते. डोंगराच्या अंगाला कोठेतरी पाऊस झालेला असतो, वारा इकडे वळतो, आणि ओसरीवर बसलेला वृद्ध मनुष्य बोलता बोलता थांबून मान वर करितो. ज्या मुलखात पावसाची वाट इतक्या काळजीने पाहावी लागते, त्या मुलखात ह्या वासाचे मोल कोणी कोणास सांगावयास नको. मातीतील अतिसूक्ष्म जंतू जिओस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करितात; ओल्या मातीच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. हे द्रव्य पाण्याच्या एक लाख कोटी भागांत अवघे पाचदहा भाग मिसळलेले असले, तरीही मनुष्याच्या नाकास त्याचा पत्ता लागतो.

असे असूनही मनुष्याचे नाक जनावरांच्या मानाने अगदीच निकामी, अशी आपणां सर्वांची समजूत असते. कुत्रा वासावर चोराचा माग काढितो, गाय आपले वासरू हुंगून ओळखते, आणि मनुष्य मात्र ह्या कामी दुबळा, असे शिक्षक मुलांस सांगत आले. खरे बोलावयाचे तर आम्हीही सांगत आलो. ही समजूत आली कोठून, ह्याचा माग काढीत गेल्यास तो आपणांस पॅरिस शहरी, सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शस्त्रवैद्याच्या दारी नेऊन पोहोचवितो. त्यांचे नाव डॉक्टर पॉल ब्रोका. मेंदूच्या शास्त्रात हे नाव अजरामर होऊन राहिले आहे. परंतु ज्या शोधाने त्यांस कीर्ती मिळाली तो शोध, आणि ज्या मताने मनुष्याच्या नाकाची अपकीर्ती झाली ते मत, ही दोन्ही एकाच पुरुषाची कामे होत, हे फारसे कोणास ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही ह्या अंकी वाचकांस सादर करीत आहोत.

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागी, बोर्दो शहरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, दोर्दोन्य नदीच्या काठी सेंत-फ्वा-ला-ग्रांद नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २८ जून १८२४ रोजी ब्रोका यांचा जन्म झाला. वडील वैद्य होते व त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शस्त्रवैद्याचे काम केले होते. आई एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची कन्या असून चांगली शिकलेली होती. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांनी आपल्या मतासाठी पिढ्यानुपिढ्या छळ सोसला होता, आणि हे गाव त्यांच्या जुन्या ठाण्यांपैकी एक होते. मुलगा अभ्यासात विलक्षण हुशार निघाला. सोळाव्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा देऊन सतराव्या वर्षी तो पॅरिसच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाला, आणि १८४९ मध्ये डॉक्टर ही पदवी त्याने मिळविली. तरुणपणीच आईच्या घराण्याचा धर्ममार्ग ब्रोका यांनी सोडून दिला व पुढे ते कोणत्याच देवळाचे राहिले नाहीत. मिशन शाळेच्या वार्षिकात ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हांस वाटत नाही. तिचा पुढील हकिकतीशी संबंध आहे.

१८५७ मध्ये त्यांचा विवाह आदेल ल्यूगोल ह्या बाईंशी झाला. ज्या ल्यूगोल यांच्या नावाचे आयोडीनचे औषध अद्यापही डॉक्टरांच्या माहितीचे आहे, त्यांचीच ही कन्या. संसार सुखाचा होता. दोन्ही पुत्र पुढे वडिलांप्रमाणे वैद्यक शाखेत प्राध्यापक झाले. रुग्णालयातील काम, विद्यार्थ्यांस शिकविणे, कर्करोगावरील व धमन्यांच्या विकारांवरील ग्रंथलेखन ह्यांत त्यांचा दिवस सरत असे.

पण त्यांचे मन ओढ घेई ते मनुष्यजातीच्या अभ्यासाकडे. १८५८ मध्ये ससा व त्याच्या जातीचा रानटी प्राणी ह्यांच्या संकरावर त्यांनी एका विद्वत्सभेत निबंध वाचावयास घेतला. विषय वरवर निरुपद्रवी दिसे. परंतु प्राण्यांच्या जाती अचल आहेत की त्या बदलतात, हा त्या काळचा जळता प्रश्न त्यात दडलेला होता. अध्यक्षांनी घाबरून निबंध पुढे न वाचण्याविषयी विनविले. तेव्हा ब्रोकांनी स्वतःचीच सभा काढिली. तीच १८५९ मध्ये स्थापन झालेली पॅरिसची मानवशास्त्र सभा होय. विसांहून अधिक मनुष्यांनी परवान्याशिवाय मंडळ काढू नये असा तेथे कायदा होता, म्हणून आरंभीचे सभासद विसांच्या आतच ठेवावे लागले. शिवाय सभेत सरकार, धर्म किंवा समाज ह्यांविरुद्ध कोणी काही बोलल्यास त्याची जोखीम ब्रोकांवर, आणि प्रत्येक बैठकीस साध्या वेषातील एक पोलीस हजर राहील, अशी अट पडली. कवट्यांच्या मापांवरील तासन् तास चाललेले वाचन त्या बिचाऱ्या पोलिसाने कसे सोसले असेल, ह्याची आम्हांस नेहमी कीव येते.

ह्याच सभेत १८६१ साली ती गोष्ट घडली. पॅरिसनजीक बिसेत्र नावाचे मोठे रुग्णालय होते. तेथे ब्रोका शस्त्रवैद्य होते. लबोर्न नावाचा एक एक्कावन वर्षांचा रोगी पायास झालेल्या भयंकर सूजेमुळे त्यांच्याकडे पाठविण्यात आला. हा मनुष्य एकवीस वर्षे त्या रुग्णालयात होता, आणि ह्या सर्व काळात त्यास बोलता येत नव्हते. काहीही विचारा, तो तां तां एवढेच म्हणे. म्हणून सारे रुग्णालय त्यास त्याच नावाने ओळखी. तो वेडा नव्हता. विचारलेले त्यास समजे, खुणांनी तो उत्तर देई, आणि समोरच्यास आपले म्हणणे कळत नाही असे दिसताच त्यास अनावर संताप येई. ब्रोकांनी त्यास बारकाईने तपासले. सहा दिवसांनी, १७ एप्रिल रोजी, तो मरण पावला. ब्रोकांनी मेंदू काढून पाहिला तो डाव्या बाजूच्या पुढील भागी, कपाळाच्या कडेमागे, एक जागा नासून खोलगट झालेली. दुसऱ्याच दिवशी तो मेंदू सभेपुढे ठेवण्यात आला. त्याच वर्षी लेलाँ नावाचा चौऱ्यांशी वर्षांचा दुसरा रोगी आढळला. त्यास मोजके चारपाच शब्द तेवढे राहिले होते. त्याच्याही मेंदूत इजा त्याच जागी निघाली. पुढे काही वर्षांत अशी आणखी उदाहरणे जमा झाल्यावर, बोलण्याची शक्ती बहुतेक मनुष्यांत मेंदूच्या डाव्या अर्धात वसते, हा सिद्धान्त ब्रोकांनी १८६५ मध्ये मांडला. ती जागा आज जगभर ब्रोकांच्या नावाने ओळखली जाते.

ह्या शोधाची खरी थोरवी कशात आहे, हे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या शक्ती असतात, हे ब्रोकांपूर्वी काहीजण सांगतच होते. पण ते डोक्यावरील टेंगळे चाचपून सांगत. ब्रोकांनी जिवंतपणी मनुष्यास काय येत होते व काय येत नव्हते ते आधी पाहिले, मग मेंदू पाहिला, आणि दोहोंची सांगड घातली. एका उदाहरणावर ते थांबलेही नाहीत. लबोर्नच्या अबोलपणाचा पुरावा लबोर्नच्या तोंडून, म्हणजे त्याच्या न बोलण्यातून, त्यांनी घेतला होता.

ह्याच काळात ब्रोकांच्या हातून दुसरे एक काम चालले होते, आणि त्याविषयी आम्हांस कौतुकाने लिहिता येत नाही. त्यांनी शेकडो कवट्या शिशाच्या छऱ्यांनी भरून मोजल्या, मेंदू तराजूत घातले, आणि त्यांच्या लहानमोठेपणावरून मनुष्यांच्या वंशांची व स्त्रीपुरुषांची उच्चनीचता ठरवू पाहिली. मापे घेण्यात ते अतिशय काटेकोर होते. परंतु उत्तर आधीच मनात धरून मापे त्याच्याभोवती रचली जात. गोरा पुरुष शिखरावर, आणि बाकीचे सर्व पायऱ्यांवर! स्टीफन जे गुल्ड ह्या अमेरिकन विद्वानाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या मोजणीचा फोलपणा सविस्तर दाखविला आहे, आणि आज कोणताही जाणता शास्त्रज्ञ तसले मत मानीत नाही. आमच्या शाळेतील मुलींनी हा भाग वाचताना ब्रोकांवर रागवावे. तसे केल्यास आमची हरकत नाही.

आता नाकाकडे येऊ. १८७८ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ब्रोकांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूवरील आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षी वासाच्या केंद्रांवर दुसरा लिहिला. निबंधाचा विषय कळण्यासाठी आधी रचना सांगितली पाहिजे. नाकपुड्यांच्या अगदी वरच्या टोकास ओलसर पातळ त्वचा असते. तीत वास ओळखणाऱ्या पेशी बसविलेल्या असतात. त्यांचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या, चाळणीसारखी भोके पडलेल्या हाडातून वर जाऊन मेंदूच्या खालच्या अंगास असलेल्या दोन लहान कंदांत शिरतात. ह्यांस आपण घ्राणकंद म्हणू. कंदातून वार्ता मेंदूच्या आतील भागांत जाते. ब्रोकांनी अनेक प्राण्यांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांस असे दिसले की, मेंदूच्या मध्यभागाभोवती, धोतराच्या किनारीसारखा, एक वळसा सर्व सस्तन प्राण्यांत आढळतो. त्यास त्यांनी लॅटिन भाषेतील काठ ह्या अर्थाच्या शब्दावरून लिंबिक असे नाव दिले. हा सर्व भाग टेनिसच्या रॅकेटसारखा असून घ्राणकंदाची पट्टी ही त्या रॅकेटची मूठ होय, अशी त्यांनी उपमा योजिली. नमुना म्हणून त्यांनी चित्र काढविले ते पाणमांजराच्या मेंदूचे. कारण त्यात ही किनार स्वच्छ दिसते.

येथपर्यंतचे काम उत्कृष्ट आहे. लिंबिक हे नाव आजही चालते; मनोविकार व स्मृती ह्यांच्याशी ह्या भागाचा निकट संबंध आहे असे विसाव्या शतकात आढळून आले, आणि एखाद्या वासासरशी लहानपणीची गोष्ट एकदम का आठवते ह्याचे उत्तरही पुष्कळ अंशी ह्याच रचनेत सापडते.

परंतु ब्रोका तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सस्तन प्राण्यांचे दोन वर्ग केले. ज्यांचे घ्राणकंद व ही किनार मोठी ते घ्राणप्रधान, आणि ज्यांचे कंद बाकीच्या मेंदूच्या मानाने लहान ते घ्राणहीन. पहिल्या वर्गात कुत्रे, गाई, पाणमांजरे इत्यादी बहुतेक सर्व प्राणी गेले. दुसऱ्यात एकीकडे देवमासे व डॉल्फिन, आणि दुसरीकडे वानर व मनुष्य! मनुष्यास वास मुळीच येत नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते की, जनावर वासाच्या तंत्राने चालते. मनुष्याच्या मेंदूचा पुढील भाग वाढून त्याने राज्य हाती घेतले, घ्राणकंदाची सत्ता गेली, आणि म्हणून मनुष्य वासाचा बंदा न राहता आपल्या इच्छेने वागू शकतो.

ह्या विचारात मौज आहे ती अशी. त्या काळी पॅरिसचे धर्माधिकारी वैद्यक विद्यालयावर जडवादाचा आरोप ठेवीत होते, आणि ब्रोका त्या वादात विरुद्ध पक्षास उभे होते. मनुष्यास पशूंपासून वेगळे करणारा आत्मा ही कल्पना त्यांनी बाजूस सारली होती; परंतु मनुष्याचे उंच आसन मात्र त्यांस सोडवेना. तेव्हा आत्म्याच्या ठिकाणी त्यांनी कपाळामागील मेंदू बसविला, आणि आसन होते तेथेच ठेविले. त्या आसनाची किंमत नाकाने द्यावी असे ठरले. आम्हांस वाटते, वंशांच्या बाबतीत जी चूक झाली तीच येथे निराळ्या वेषाने झाली. शिखर आधी ठरले, पायऱ्या मागाहून मोजल्या.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही की, ह्या वर्गीकरणासाठी ब्रोकांनी एकाही मनुष्याचे नाक तपासले नाही. एकास फूल हुंगावयास दिले नाही, कुत्र्याशी तुलना करून पाहिली नाही, वासाचे द्रव्य किती पातळ केल्यास तो कळेनासा होतो हे मोजले नाही. ज्या पुरुषाने लबोर्नचे बोलणे आधी पाहून मग त्याचा मेंदू पाहिला, त्याच पुरुषाने येथे मेंदूच तेवढा पाहिला.

एकदा मोठ्या माणसाने शिक्का मारला म्हणजे तो पुसणे कठीण. एडिंबरोचे शारीरशास्त्रज्ञ विल्यम टर्नर यांनी १८९० च्या सुमारास वर्ग थोडे बदलले व मनुष्यास घ्राणहीनांतून काढून अल्पघ्राणांत घातले. पण मूळ कल्पना तीच राहिली. व्हिएन्नाचे प्रसिद्ध मानसवैद्य सिग्मंड फ्रॉइड यांनी १९३० मध्ये छापलेल्या ग्रंथात, मनुष्य दोन पायांवर उभा राहिला तेव्हा त्याचे नाक जमिनीपासून दूर गेले व वासाचे महत्त्व मावळले, असा तर्क केला. पुढे पाठ्यपुस्तकांनी तो तर्क वस्तुस्थिती म्हणून घेतला, आणि पाठ्यपुस्तकांतून तो आमच्या फळ्यापर्यंत आला.

ह्या साऱ्या परंपरेचा उगम ब्रोकांपर्यंत जाऊन पोहोचतो हे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे जॉन मॅकगॅन यांनी २०१७ मध्ये सायन्स ह्या नियतकालिकात सप्रमाण मांडले. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. उंदराचा घ्राणकंद त्याच्या मेंदूचा शंभरात सुमारे दोन भाग असतो आणि मनुष्याचा दहा हजारांत सुमारे एक भाग, हे खरे. परंतु ते मेंदू मोठा झाल्यामुळे. कंद लहान झाल्यामुळे नव्हे. प्रत्यक्षात मनुष्याचा घ्राणकंद उंदराच्या कंदाहून कित्येक पटींनी मोठा असतो. मोठ्या वाड्यातील देवघर झोपडीतल्या देव्हाऱ्यापेक्षा वाड्याच्या मानाने लहान दिसते, म्हणून त्यात देव कमी मावतात असे कोणी म्हणत नाही. शिवाय कंदातील मज्जापेशींची संख्या लहानमोठ्या सस्तन प्राण्यांत देहाच्या मानाने फारशी बदलत नाही. मनुष्यात ती सुमारे एक कोटीच्या घरात भरते.

नाकांची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे, आणि तिची हकिकत मुलांस आवडेल. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हिरवळीवर चॉकलेटच्या वासाचा सुमारे दहा मीटर लांबीचा माग ओढून ठेवण्यात आला, आणि बत्तीस मनुष्यांस डोळे बांधून, कान झाकून, हातमोजे घालून गुडघ्यांवर सोडण्यात आले. त्यांपैकी एकवीसजण नाकाच्या आधाराने माग काढीत शेवटापर्यंत गेले. तेही कुत्र्याप्रमाणेच इकडून तिकडे नागमोडी हुंगत. काहींस रोज सराव दिला तेव्हा त्यांचा वेग वाढला. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्यावरून मनुष्य कुत्र्यास मागे टाकील असे मात्र कोणी समजू नये. माग काढण्यात कुत्रा आपला गुरूच आहे व राहील. पण निरनिराळी द्रव्ये पातळ करून परीक्षा घेतल्यास काही वास कुत्र्यास आधी कळतात व काही मनुष्यास, असे आढळते. ज्याच्या त्याच्या जगण्यास जे वास लागतात त्यांत जो तो तरबेज.

आपल्या देशातील एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी, ज्यांचे २०१८ मध्ये निधन झाले, त्यांनी वाघ झाडाझुडपांवर जी पिचकारी मारून आपली हद्द आखतो तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिच्यातील सुवासाचे द्रव्य तेच, जे सुवासिक तांदळात असते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. आपल्या आंबेमोहोराच्या भातास जो घमघमाट सुटतो तो ह्याच द्रव्याचा! रानात फिरणाऱ्या मनुष्यास वाघाची ही खूण नाकाने कळू शकते. स्वयंपाकघरातील वास आणि वाघाचा वास एकच निघावा, ह्याहून मोठी गंमत कोणती?

मग सस्तन प्राण्यांत वासाची शक्ती मुळात आली कशी? ब्रोकांपाशी ह्यासाठी मृत मेंदूंखेरीज काही साधन नव्हते. आज दोन नवी साधने हाती आली आहेत. पहिले साधन बीजगुणांचे. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये वास पकडणाऱ्या घटकांची जनुके शोधून काढिली, व त्यासाठी त्यांस २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशी चालू स्थितीतील जनुके मनुष्यात सुमारे चारशे, कुत्र्यात सुमारे आठशे, उंदरात हजारांहून अधिक, आणि आफ्रिकेच्या हत्तीत जवळजवळ दोन हजार असतात. म्हणजे मनुष्याची काही जनुके खरोखरच निकामी झाली आहेत, आणि तेवढ्यापुरते ब्रोकांचे म्हणणे अगदी निराधार नव्हते. डॉल्फिनविषयी तर ते पूर्ण बरोबर ठरले. दात असलेल्या देवमाशांच्या कुळात घ्राणकंदच नाहीसा झाला आहे. समुद्रात वसती केल्यावर हवेतील वासाचा उपयोग काय?

दुसरे साधन जीवाश्मांचे. चीन देशात सापडलेल्या, सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या चिचुंद्रीएवढ्या प्राण्यांच्या कवट्या न फोडता क्ष-किरणांच्या यंत्राने आतून पाहण्यात आल्या. टिमोथी रो व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये जाहीर केले की, सस्तन प्राण्यांचा मेंदू प्रथम वाढू लागला त्यात वासाच्या भागांचा वाटा सर्वांत ठळक होता. दिवसा मोठमोठ्या सरड्यांचे राज्य, म्हणून हे इवलेसे जीव रात्री नाकाच्या भरवशावर फिरत असावेत, असे अनुमान आहे. त्या प्राचीन युगातील सस्तन प्राण्यांचे दात आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही मिळाले आहेत. जी नदी आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहत जाते, तीच पुढे प्राणहितेस मिळते. त्या भागातील कोटा नावाच्या खडकांत सापडलेल्या अशा एका प्राण्यास १९८१ मध्ये कोटाथेरियम हे नाव देण्यात आले. ज्या मेंदूच्या जोरावर ब्रोकांनी नाकास खाली बसविले, त्या मेंदूची वाढ नाकानेच सुरू करून दिली होती, असे म्हणावयास जागा आहे.

हे सर्व वाचून एखादे पालक विचारतील की, नाक तीक्ष्ण ठरले काय आणि बोथट ठरले काय, आमच्या मुलाचे त्यात काय गेले? गेले पुष्कळ. डोळा गेला अथवा कान गेला तर घरातील माणसे धावपळ करितात. वास गेला तर त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते, कारण ते इंद्रिय मुळी कामाचेच नव्हे अशी समजूत. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा असंख्य लोकांचा वास एकाएकी गेला, कित्येकांचा महिनोन् महिने परतला नाही, आणि तेव्हा जेवणातील गोडी म्हणजे निम्म्याहून अधिक वासच असतो हे अनेकांस प्रथमच उमगले. कंपवाताच्या रोगात हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावू शकतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे घराघरांतील राखण आपण त्याच इंद्रियावर सोपविली आहे, ज्यास पुस्तकांनी दुबळे ठरविले होते. मुलास वास येत नसल्यास डॉक्टरांस अवश्य दाखवावे.

ब्रोकांचे अखेरचे दिवस आता थोडक्यात सांगतो. १८७१ मध्ये पॅरिसात बंडाळी माजली असता रुग्णालयांच्या खात्याचा पैसा बटाट्यांखाली लपवून शहराबाहेर काढण्याच्या साहसी कामात त्यांनी मदत केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७६ मध्ये त्यांनी मानवशास्त्राचे विद्यालय उघडले. १८८० मध्ये त्यांस फ्रान्सच्या वरिष्ठ सभेचे तहहयात सभासदत्व मिळाले. परंतु ते भोगण्यास त्यांस थोडेच महिने मिळाले. त्याच वर्षी ९ जुलै रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते एकाएकी मरण पावले. घ्राणकेंद्रांचा निबंध लिहून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यांचाही मेंदू काढून पॅरिसात जतन करण्यात आला. १८८९ मध्ये आयफेल मनोरा उभा राहिला तेव्हा त्यावर कोरलेल्या बहात्तर नावांत त्यांचे नाव घालण्यात आले.

लबोर्न व लेलाँ यांचे मेंदू ब्रोकांनी कापले नव्हते. पुढील लोकांस पुन्हा पाहता यावे म्हणून ते त्यांनी अखंड मद्यार्कात ठेवून दिले होते. २००७ मध्ये ते दोन्ही मेंदू चुंबकीय यंत्राने तपासण्यात आले. ब्रोकांनी दाखविलेली जागा नासलेली होतीच. परंतु इजा त्यांस वरून दिसली त्याहून पुष्कळ आत, त्यांची दृष्टी पोहोचू शकली नव्हती तेथपर्यंत, गेलेली निघाली.